घोंगडीवर उघडलेला लॅपटॉप

धाराशिवच्या त्या कॉम्प्युटरच्या दुकानात माझा लॅपटॉप काउंटरवर उताणा पडला होता, आणि बाजारात आणलेल्या म्हाताऱ्या बैलाकडे बघावं तसा दुकानदार त्याच्याकडे बघत होता. फक्त दात मोजायचे बाकी होते.

“मॅडम, ह्याच्यात आता जीव राहिला नाही. नवीन घेऊन टाका,” तो म्हणाला.

“नवीन नको. ह्यात चार जीबी रॅम आहे. अजून चारची पट्टी टाकायची. एक खाच रिकामी आहे, मी वाचून आलेय.”

“मग ठेवून जा. आमचा कारागीर लग्नाला गेलाय. बुधवारी मिळंल.”

“सोमवारी माझी चाचणी आहे.”

“मग मी काय करू?”

तसं त्याचंही बरोबर होतं. कारागिराच्या घरचं लग्न काही माझी चाचणी बघून ठरलेलं नव्हतं. पण त्या ‘मग मी काय करू’चा मला राग आला. राग मला पटकन येतो. घरातल्या सगळ्यांच्या वाटणीचा राग एकट्या हिच्याच पदरात पडला, असं आई म्हणायची. मी म्हणाले, “पट्टी द्या. मी बसवते.”

तो हसला. प्रिंटरची शाई घ्यायला आलेले एक गुरुजी शेजारी उभे होते, तेही हसले.

“मॅडम, तो मेंदू असतो त्याचा. कुकरचं झाकण न्हाय ते.”

“कुकरचं झाकण तरी तुम्हाला लावता येतं का?” मी विचारलं.

गुरुजी परत हसले, पण ह्या वेळी माझ्या बाजूनं. दुकानदारानं मुकाट्यानं पट्टी काढली, माझ्या लॅपटॉपला चालणारीच आहे ना ते मी दोनदा तपासायला लावलं, आणि चांदणीसारख्या टोकाचा एक बारका स्क्रूड्रायव्हरही घेतला. मग ताठ मानेनं बसस्टँडवर आले.

आमच्या बेंबळीची गाडी धाराशिवबाहेर पडेपर्यंत माझी सगळी मर्दुमकी उतरली होती. पाकिटातली पट्टी मी चारचारदा काढून बघत होते. दोन बोटं रुंद, हिरवी, खालच्या कडेला बारीक सोनेरी दात. असलं काही मी जन्मात हातात धरलं नव्हतं. लॅपटॉपचा मला वरून उपयोग ठाऊक होता. त्याचं पोट उघडायचं कधी मनातही आलं नव्हतं.

मी आरेखक आहे. म्हणजे नकाशे काढते. आयटीआयला होते तेव्हा आमच्या वर्गात मुली आम्ही दोघीच, आणि दुसरी लग्न होऊन मधेच गेली. पुढं अकरा वर्षं सोलापुरात एका ऑफिसात घरांचे, गोदामांचे, एकदा तर अख्ख्या मंगल कार्यालयाचे नकाशे काढले. मग मालक थकले, त्यांनी ऑफिस बंद केलं, आणि मी लॅपटॉप आणि गादी घेऊन गावी परत आले. घरी आबा एकटे होते. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. पूर्वी आबांच्या मागं दीडशे मेंढरं चालायची. आता अकरा उरली होती, आणि त्या अकरांनाही ते दीडशेंच्या थाटात हाका मारायचे.

मग पुण्याच्या एका कंपनीचं काम दिसलं. ड्रोननं काढलेल्या फोटोंवरून शेतांच्या, रस्त्यांच्या हद्दी आखायच्या. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं: सोमवारी अकरा वाजता तीन तासांची चाचणी, आपापल्या मशीनवर. पास झालात तर घरून काम. नाही झालात तर पुण्याला येऊन ऑफिसात शिका, पुढचं पुढं बघू. आणि मशीनला रॅम आठ जीबी पाहिजे. सरावाला म्हणून त्यांनी एक नकाशाही पाठवला होता. तो मी उघडायला गेले की पडद्यावर एक गोल फिरत बसायचा. मी चहा करून यायचे, गोल फिरतोय. मेंढरांना पाणी दाखवून यायचे, गोल फिरतोय. शेवटी पडदा पांढरा पडायचा आणि सगळं बंद व्हायचं.

म्हाताऱ्या बापासाठी पोरगी गावात राहिली, असं लोक आता म्हणतात. ऐकायला बरं वाटतं, म्हणून मीही कुणाला दुरुस्त करत नाही. पण इथं खरं सांगते. मला माझ्यासाठी राहायचं होतं. अकरा वर्षं चौघींत एक खोली, चौघींत एक मोरी आणि कपाटाचा एक कप्पा, एवढ्यात मी काढली होती. आता मला माझं टेबल, माझी खिडकी आणि खिडकीतून दिसणारं आमचं हरभऱ्याचं रान पाहिजे होतं. पस्तिशी उलटल्यावर पुण्यात पुन्हा कुणाच्या तरी खोलीत गादी टाकायला मी तयार नव्हते. आणि हे सगळं त्या दोन बोटांच्या हिरव्या पट्टीवर अडलं होतं.

रविवारी सकाळी मेंढरं सोडायच्या आधी आबांनी मला ओसरीत बघितलं. मी लॅपटॉप, स्क्रूड्रायव्हर आणि मोबाईल घेऊन फरशीवर बसायच्या बेतात होते. ऑपरेशन कसं करायचं त्याचा व्हिडिओ रात्रीपासून सात वेळा बघून झाला होता.

“काय उघडायलीस?” आबांनी विचारलं.

“लॅपटॉप. त्याला नवीन पट्टी बसवायचीय. त्याच्यावर सोमवारचं काम हाय.”

आबा आत गेले आणि घोंगडी घेऊन आले. नेहमीची नव्हे. पेटीतली, काळीभोर, आजोबांच्या हातच्या लोकरीची. देवाची तळी भरताना आणि लग्नात हळदीला बसताना काढायची ती. आमच्यात घोंगडी अंथरल्याशिवाय चांगल्या कामाला हात घालत नाहीत. त्यांनी ती ओसरीत झटकून अंथरली, कडा हातानं सारख्या केल्या.

व्हिडिओतल्या माणसानं हेच तर बजावून सांगितलं होतं: लोकरीवर, गालिच्यावर बसून हे काम करू नका. लोकर अंगात वीज साठवते, आणि ती बोटातून पट्टीत उतरली तर पट्टी जळते.

“आबा, लोकर नको म्हणतेत.”

“कोण म्हणतंय?”

“व्हिडिओत. लोकरीत करंट असतो म्हणं.”

आबांनी घोंगडीकडं बघितलं, मग माझ्याकडं. “साठ वर्सं झाली घोंगडीवरच निजतोय म्या. मला न्हाय लागला कवा करंट.”

त्यांचं तोंड एवढंसं झालं. मला ते बघवलं नाही. मी एक तोड काढली. आयटीआयचा माझा लाकडी ड्रॉइंग बोर्ड घोंगडीवर ठेवला, लॅपटॉप बोर्डवर उपडा ठेवला, आणि मी घोंगडीवर बसले. पट्टीला हात लावायच्या आधी लोखंडी पेटीला हात लावायचा, म्हणजे अंगातली वीज निघून जाते, असंही त्या माणसानं सांगितलं होतं. मी पेटी जवळ ओढून घेतली. आबा खांबाला टेकून बसले. मेंढरं कुडाच्या वाड्यातून ओरडत होती, पण त्या दिवशी आबांना घाई नव्हती.

स्क्रू अकरा निघाले. त्यातले काही लांब, काही आखूड, आणि चुकीच्या भोकात लांब स्क्रू गेला तर वरून कीबोर्ड फुगतो. पण इथं माझा धंदा कामाला आला. मी आधी ड्रॉइंगच्या कागदावर लॅपटॉपच्या पाठीचा नकाशा काढला, मापात, आणि कागदाखाली थर्माकोल ठेवून जो स्क्रू जिथून निघाला त्याच जागी कागदात टोचून ठेवला. आबांना ते फार आवडलं. “मेंढराच्या कानाला खूण करावी तसं केलंस की,” ते म्हणाले.

पाठ निघेना. नखानं निघेना, चमच्यानं ओरखडे यायला लागले. मग मी कंपासपेटीतला प्लॅस्टिकचा गुण्या काढला, त्याचं निमुळतं टोक फटीत घातलं आणि हळूहळू कडेनं फिरवत नेलं. टक, टक, टक करत खिट्ट्या सुटत गेल्या आणि पाठ हातात आली.

आत सगळं पिवळं होतं.

म्हणजे काळ्या-हिरव्या भागांवर, पंख्याच्या पात्यांवर, तारांवर, जिथं बघावं तिथं पिवळी भुकटी बसली होती. मी बोट लावून वास घेतला. हळद. भंडारा होता तो, खंडोबाचा भंडारा. दर खंडेनवमीला आमच्या घरात आबांची कातर, विळा, कुऱ्हाड, माझी कंपासपेटी आणि लॅपटॉप असं सगळं घोंगडीवर मांडून पूजा होते आणि वर भंडारा पडतो. तो सगळा ह्या बिचाऱ्यानं पंख्यातून आत ओढून घेतला होता.

“आबा, ह्याच्यात आख्खं नळदुर्ग साचलंय!” मी म्हणाले, आणि आम्ही दोघं हसलो. नळदुर्गचा खंडोबा आमचं कुलदैवत. तिथल्या यात्रेत माणसाचे केस, कपडे, भाकरीसुद्धा पिवळी होऊन निघते.

पंख्याची पाती मी पुसली, वरवरचं पिवळं झटकलं. बॅटरीची तार काढली. पेटीला हात लावला तेव्हा बोटाला चटकन चावलं. हिवाळ्यातली कोरडी हवा आणि लोकर, चावणारच. मी दचकले, पण गप्प राहिले. मग पट्टी तिरकी धरून रिकाम्या खाचेत सारली आणि खाली दाबली. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या कट्ट करून बसल्या. व्हिडिओत आला होता तस्साच आवाज. मला एवढा आनंद झाला की मी आबांकडं बघून मान हलवली, जणू रोज दोन लॅपटॉप जुळवते.

बॅटरीची तार जोडली, पाठ लावली, अकरा स्क्रू आपापल्या भोकात घातले. लॅपटॉप सरळ केला. बटण दाबलं.

पंखा फिरला. पडदा काळा.

मी थांबले. पडदा काळाच. बंद करून परत दाबलं. काळा. बटणाजवळचा बारीक दिवा तेवढा लुकलुकत होता. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा दाबलं. माझ्या कानात ‘मग मी काय करू’ घुमायला लागलं. सोमवार उद्यावर आला होता. काल निदान हळू चालणारा लॅपटॉप तरी माझ्याजवळ होता. आता तोही नव्हता, आणि तो घालवला होता मी, स्वतःच्या हातानं.

“काय झालं गं माय?” आबांनी विचारलं.

आणि मी सुटले. “काय झालं म्हणून काय इचारता? जळलं ते! लोकर नको, नको म्हणत होते, तरी तुमी आणून अंथरली. घोंगडी, घोंगडी! आता बसा घोंगडीवर आन मला घाला पुण्याच्या गाडीत!”

आणखीही बोलले. ते सगळं इथं लिहीत नाही, कारण त्यातलं एकही वाक्य लिहिण्याजोगं नव्हतं. आबा उठले. मी बोर्डासकट घोंगडीवरून बाजूला झाले तशी त्यांनी ती उचलली, घडी घातली, घडीवर घडी, अगदी पेटीत ठेवताना घालतात तशी. पेटीत मात्र ठेवली नाही. खांद्यावर टाकली, काठी घेतली, वाडा उघडला आणि मेंढरं घेऊन रानाकडं गेले. मागं वळून बघितलं नाही.

मी फरशीवर बसून थोडा वेळ रडले. मग रडूनही कंटाळा आला.

आमचे आयटीआयचे सर म्हणायचे, नकाशा जुळत नसला तर सगळा नकाशा चुकला म्हणून बोंबलू नका, एकेक रेघ काढून बघा. मला तेवढंच येत होतं. मी पाठ परत उघडली. आता अकरा स्क्रू काढायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. नवीन पट्टी काढून ठेवली, जुनी तशीच राहू दिली. बटण दाबलं. चालू झाला! म्हणजे लॅपटॉप जिवंत होता. निम्मं रडं वाया गेलं होतं.

मग जुनी पट्टी तिच्या खाचेतून काढली आणि तिथं नवीन बसवली. एकटी नवीन. ह्या वेळी पेटीला हात लावताना चावलं नाही, कारण आता खाली घोंगडी नव्हती. बटण दाबताना मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा पडद्यावर लॅपटॉपच्या कंपनीचं चित्र आलं होतं. नवीन पट्टी धडधाकट होती. जळलेलं काहीच नव्हतं. घोंगडीनं काही केलेलं नव्हतं.

आनंद व्हायला हवा होता. आधी लाज वाटली. लाज वाटली आणि तिच्या मागोमाग आनंद आला, आणि दोन्ही एकदम आल्यामुळं मी उगाच ओसरीतल्या ओसरीत दोन फेऱ्या मारल्या.

आता उरली ती दुसरी खाच. जुनी पट्टी त्या खाचेत घालून बघितली, पडदा काळा. म्हणजे दुखणं खाचेतच होतं. मोबाईलचा टॉर्च लावून मी आत बघितलं. काही दिसेना. मग ड्रॉइंगसाठी ठेवलेलं भिंग आणलं. खाचेच्या तळाशी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक पिवळी रेघ होती. दाबून दाबून बसलेली. वर्षानुवर्षं रिकाम्या असलेल्या त्या खाचेत भंडारा साचला होता, आणि वरून मी पट्टी खुपसून तो आणखी ठासला होता. पट्टीचे सोनेरी दात आतल्या दातांना लागतच नव्हते.

‘आबांचा भंडारा,’ मी मनात म्हणाले. म्हणजे चूक शेवटी आबांचीच. एवढं म्हणून मला क्षणभर बरं वाटलं.

पण तेवढ्यात ती खंडेनवमी आठवली. लॅपटॉप घेतला त्याच वर्षीची. माझ्या कमाईची पहिली मोठी वस्तू. तेव्हा आई होती. मी लॅपटॉप चालू करून घोंगडीवर ठेवला होता, कारण पडद्यावर मी आमच्याच घराचा नकाशा काढून आणला होता आणि तो आबांना दाखवायचा होता. आबांनी भंडाऱ्याचं एक बोट झाकणाला लावलं आणि हात आवरला. पण माझं मन भरलं नव्हतं. मी येळकोट म्हणून मूठ भरली आणि उधळली. मग दुसरी. मग तिसरी. आणि आबा म्हणाले होते, “बास माय, बास. मेंढराच्या नाकात गेला तर शिंकून काढतंय ते. हे कसं शिंकणार?”

आई हसली होती, मीही हसले होते. आणि चौथी मूठ उधळली होती.

हे सगळं मला इतकं लख्ख आठवलं की मी भिंग खाली ठेवलं. ज्या माणसानं तेव्हाच सांगितलं होतं, त्यालाच मी सकाळी नाही नाही ते बोलले होते.

पण रडत बसायला आता वेळ नव्हता, आणि हे दुखणं माझ्या हातातलं होतं. आयटीआयचं माझं सामान मी कधी टाकून दिलं नव्हतं. कागदावरचा खोडरबराचा चुरा झाडायचा मऊ ब्रश होता. त्यानं मी खाच हलक्या हातानं झाडली, लॅपटॉप तिरका करून मागून टिचक्या मारल्या. पिवळी भुकटी बोर्डवर पडायला लागली. ब्रश तळापर्यंत पोचेना, तेव्हा ट्रेसिंग पेपर आठवला. पातळ, पण चिवट. त्याची लांब पट्टी कापली, दुमडून तिची धार केली आणि खाचेत घालून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली. निघाली ती हळदीत बुडवल्यासारखी. दुसरी पट्टी, तिसरी पट्टी. सातवी फिकट निघाली. अकरावी कोरी पांढरी निघाली. मग नवीन पट्टीचे सोनेरी दात पांढऱ्या खोडरबरानं अलगद घासले, ब्रशनं झाडले. हे सगळं कुठल्याही व्हिडिओत नव्हतं. लॅपटॉपमधून भंडारा कसा काढावा हे कोण सांगणार होतं?

आमच्या सरांचा पहिला नियम होता: आधी बोर्ड झाडा, मग रेघ मारा. शंभर वेळा ऐकलेला. सकाळी तेवढाच मी विसरले होते.

दोन्ही पट्ट्या आपापल्या खाचेत बसल्या. कट्ट, कट्ट. स्क्रू न लावताच मी लॅपटॉप उभा धरला आणि बटण दाबलं. पंखा फिरला. मी दहापर्यंत मोजायचं ठरवलं होतं. चारलाच पडदा उजळला. आत जाऊन मी रॅमचा आकडा काढला. आठ जीबी.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या. “काय गं, लॉटरी लागली का काय?”

“काकू, आठ जीबी झालं!”

“बरं झालं बाई,” त्या म्हणाल्या आणि गेल्या.

सरावाचा नकाशा उघडला. गोल फिरायला लागला. पाचसहा वेळा फिरला, आणि थांबला, आणि माझ्यासमोर अख्खं शिवार पसरलं. बांध, विहिरी, गाडीवाट, एका शेतात उभी असलेली बैलजोडीसुद्धा. मी तो नकाशा मोठा केला, बारीक केला, डावीकडं सरकवला, उजवीकडं सरकवला. तो लोण्यासारखा हलत होता. हे मी केलं होतं. कारागिराची वाट न बघता, ह्या दोन हातांनी. दुकानदार समोर असता तर त्याला मी आधी लॅपटॉप दाखवला असता आणि मग कुकर.

अकरा स्क्रू लावले, पाठीवरून हात फिरवला आणि रानात गेले.

आबा हरभऱ्याच्या बांधाला बसले होते. घोंगडी खांद्यावरच होती. मेंढरं खालच्या पडीक रानात पसरली होती. मी जवळ जाऊन उभी राहिले. माफी मागायला मला येत नाही. सवयच नाही. एकदम म्हणाले, “आबा, घोंगडीनं काय केलं न्हाय. माझ्या भंडाऱ्यानं केलं. त्या खंडेनवमीला तुमी बास म्हणला होता, त्यो सगळा आत जाऊन बसला होता.”

आबा मेंढरांकडं बघतच म्हणाले, “मंग मल्हारीला बोल लावू नगंस. तुझ्या मुठीला लाव.”

“मी तुमाला लावला.”

“व्हय,” ते म्हणाले. “लई बोललीस.”

असू दे, असं काही ते म्हणाले नाहीत. ते खोटं म्हणायचा त्यांचा स्वभाव नाही. मला परत रडू आलं.

“चालू झालं का यंत्र?”

“झालं. नकाशा उघडला.”

“मंग रडतीस कशाला?”

“तुमाला बोलले म्हणून.”

आबांनी घोंगडीचं टोक सोडून माझ्या बाजूला बांधावर पसरलं. मी त्यावर बसले. मग त्यांनी काठीनं दाखवलं, “ती पांढरी बघ, हरभऱ्यात घुसायली. वळीव तिला.” मी पळत जाऊन वळवली.

सोमवारी सकाळी घोंगडी मी स्वतः मागितली. खुर्चीवर नाही, जमिनीवर अंथरली. तिच्यावर टेबल मांडलं, टेबलावर लॅपटॉप. आबांनी साडेदहालाच मेंढरं लांबच्या रानात नेली, गळ्यातल्या घुंगरांचा आवाज मला नडू नये म्हणून. जाताना म्हणाले, “आज मी लांब जातो. तू जवळच ऱ्हा.” अकरा वाजता चाचणी सुरू झाली. तीन तासांत मी एका गावाच्या सगळ्या हद्दी आखल्या, आणि वीस मिनिटं शिल्लक राहिली, ती मी रेघा पुन्हा तपासण्यात घालवली. लॅपटॉप एकदाही अडला नाही. पंखा तर असा गार आणि मुकाट चालला होता की मधेच मी कान लावून बघितलं, फिरतोय ना.

गुरुवारी दुपारी निकाल आला. मी ओसरीत उभी राहून मोबाईलवर वाचला, परत वाचला, आणि आबांना हाक मारली. ते भाकरी खायला बसत होते, तसेच उठून आले.

“काय म्हणत्यात? जायचं का ऱ्हायचं?”

“ऱ्हायचं,” मी म्हणाले. “घरूनच काम. इथूनच.”

आबांनी आत जाऊन देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची वाटी आणली आणि माझ्यापुढं धरली. मी मूठ भरायला हात घातला आणि थांबले. आधी आत गेले. लॅपटॉप बंद केला, फडक्यात गुंडाळला, कपाटात ठेवला, कपाटाचं दार लावून खोलीचंही दार ओढून घेतलं. मग अंगणात आले आणि मूठ भरून आबांच्या डोक्यावर उधळली.

त्यांच्या नाकात गेला. ते सलग तीनदा शिंकले, डोळे पुसले, आणि वाटी माझ्यापुढं आणखी सरकवली.

“उधळ,” ते म्हणाले. “मला शिंकता येतंय.”